पोटाचं काम आणि हौसेचं काम: एकाच वर्कशॉपमध्ये दोन्ही कसं चालवायचं

फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या बऱ्याच जणांना गेट-ग्रिलच्या पलीकडे स्वतःच्या मनाचं काहीतरी घडवायचं असतं. चेन-स्प्रॉकेटचा पक्षी, घडवलेला पानाचा हूक, सळईची दिव्याची घोडी. सुरुवात जोरात होते. पुढे एक तर ती वस्तू अर्धवट अवस्थेत टेबलाखाली गंजत पडते, नाहीतर तिच्या नादात गिऱ्हाइकाचं गेट आठवडाभर उशिरा जातं. विचारलं की सगळे सांगतात, वेळ मिळत नाही. मला ते पटत नाही. वेळ थोडा असतो हे खरं, पण घोटाळा होतो तो क्रमात. हौसेचं काम दुकानात नोंद न होताच शिरतं. लोखंड कुणाचं, डिस्क कुणाच्या खात्यातली, मशीन कोणत्या मापाला लावलेलं, यातलं काहीच ठरलेलं नसतं.

म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे: हौसेच्या कामालाही जॉबकार्ड (त्या कामाच्या नोंदीचा कागद) लावा, फक्त त्यावर भाव आणि डिलिव्हरीची तारीख लिहू नका. पुढचे टप्पे एक ते चार माणसांच्या एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे नेहमीचं साधं लोखंड) फॅब्रिकेशनच्या दुकानाला धरून लिहिले आहेत. दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करत असाल तर आधी सातवा टप्पा वाचा.

टप्पा १: आधी पोटाच्या कामाचे तास मोजा

१. एक जाड वही घ्या आणि महिनाभर रोजचे तास लिहा. माप घ्यायला साइटवर जाणं, मटेरियल आणणं, कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग, फिटिंग, फोन, उधारीची वसुली, सगळं वेगवेगळं लिहा. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर २०८ तास होतात, पण ज्यांचे पैसे खरोखर मिळतात असे तास त्यापेक्षा बरेच कमी निघतात.

२. त्यावरून तासाचा खर्च काढा. समजा भाडं, वीजबिल, हेल्परचा पगार, डिस्क-रॉड आणि मशीनची झीज मिळून महिन्याला ४२,००० रुपये जातात आणि कामाचे तास १४० भरतात. म्हणजे तुमची मजुरी धरायच्या आधीच दुकान तासाला ३०० रुपये खातं. हा आकडा पुढे लागणार आहे, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

३. वर्षाचा नकाशा काढा. एप्रिल-मेमध्ये शेड आणि पत्र्याची कामं पावसाआधी उरकायची घाई असते. गणपतीआधी मंडळांच्या फ्रेम येतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत गेट, ग्रिल आणि रंगकाम. जूनअखेर आणि जुलैत बाहेरचं फिटिंग थंडावतं. मोठं हौसेचं काम या शेवटच्या काळात धरा. होतं मात्र उलटं: एप्रिलमध्ये पैसे हातात खेळत असतात, उत्साह असतो, आणि नेमका तेव्हाच पाच फुटी पुतळ्याचा सांगाडा उभा राहतो. मग तो दिवाळीपर्यंत दुकानाच्या मधोमध अडचण करतो.

तपासा: कबूल केलेली तारीख उलटलेल्या ऑर्डर हातात किती आहेत? एकापेक्षा जास्त असतील तर नवी हौसेची वस्तू सुरू करू नका. आधीची चालू असेल तर फक्त हातानं होणारं काम करा, म्हणजे कानस, रेखाटन, तुकडे निवडणं.

टप्पा २: वेळेचे तीन गट करा

सगळा मोकळा वेळ सारखा नसतो. हौसेची वस्तू मनात आली की ती कोणत्या गटातली आहे हे आधी ठरवा.

पहिला गट पंधरा मिनिटांचा. रंग सुकतोय, टेम्पो यायचाय, लाइट गेलीय. या वेळात तुकडे धुणं, निवडणं, खडूनं जमिनीवर आकृती काढणं, एखादी कड कानशीनं गोल करणं एवढंच करा. वेल्डिंग सुरू करू नका. सुरू केलं की टेम्पो दारात उभा राहतो, तुम्ही होल्डर तसाच टाकून जाता आणि टॅक (तात्पुरता ठिपक्याएवढा वेल्ड) मारलेला तुकडा रात्रीतून कुणाचा तरी पाय लागून मोडतो.

दुसरा गट दोन तासांचा. यात काम सव्वा तासाचं, मांडामांड पंधरा मिनिटांची आणि आवराआवर व आगीवर लक्ष अर्ध्या तासाचं. या शेवटच्या अर्ध्या तासाला फाटा मारला जातो. ग्राइंडरची ठिणगी चिंध्या, थिनर लागलेलं पोतं किंवा लाकडी फळी यात शिरली तर आग लगेच दिसत नाही, धुमसत राहते. शेवटच्या ठिणगीनंतर किमान अर्धा तास, आणि जवळ रंग-थिनर असेल तर तासभर, दुकानात थांबल्याशिवाय शटर ओढायचं नाही.

तिसरा गट पूर्ण दिवसाचा. भट्टी पेटवायची असेल तर हाच धरा, कारण भट्टी तापायला आणि हात बसायला वेळ लागतो. पिंपरी-चिंचवड, भोसरीकडे गुरुवारी सुट्टी असते आणि वीजपुरवठाही बऱ्याचदा देखभालीसाठी बंद असतो. तो दिवस हातभात्यावरच्या भट्टीला उत्तम, वेल्डिंगला निरुपयोगी. तुमच्याकडे सुट्टीचा वार वेगळा असेल, हिशोब तोच.

सावधान: दिवसभर काम करून रात्री ग्राइंडर हातात घेण्याची सवय लावू नका. थकलेल्या मनगटात डिस्क अडकते आणि ग्राइंडर उसळतो. रात्रीच बसायचं असेल तर कटिंग पहिल्या अर्ध्या तासात उरका आणि शेवट ब्रश-कानशीवर करा. दुकान वस्तीत असेल तर रात्री १० ते सकाळी ६ हा कायद्यानं शांततेचा वेळ आहे. शेजाऱ्यांशी वाकडं झालं तर त्याचा फटका दिवसाच्या धंद्यालाही बसतो.

टप्पा ३: लोखंड वेगळं करा

दोन्ही कामांची सरमिसळ सगळ्यात जास्त होते ती इथे, म्हणून या टप्प्याला घाई करू नका.

१. तुकड्यांची हद्द ठरवा. माझा नियम साधा आहे. एक फुटापेक्षा लांब तुकडा दुकानाचा, तो रॅकवर परत जातो, कारण उद्या ग्रिलच्या दुरुस्तीला लागतो. त्याहून छोटा तुकडा हौसेच्या डब्यात. डबा भरला की उरलेलं भंगारात. दुसरा डबा करायचा नाही.

२. गिऱ्हाइकानं स्वतः मटेरियल आणून फक्त मजुरीवर काम दिलं असेल तर उरलेला तुकडा त्याचा आहे. परत द्या, किंवा विचारून ठेवून घ्या. पसाभर तुकड्यांसाठी माणसाचा विश्वास घालवण्यात काही अर्थ नाही.

३. डब्यातलं वजन वहीत मांडा. तराजू नसला तरी वजन काढता येतं. गोल सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून १६२ नं भागलं की मीटरचं वजन किलोत येतं. १० मिमी सळई मीटरला ०.६१७ किलो. चौरस बारसाठी बाजूचा वर्ग गुणिले ०.००७८५, म्हणजे १२ मिमी चौरस बार मीटरला १.१३ किलो. महिन्याला जितकं लोखंड हौसेला गेलं तितकं भंगाराच्या भावानं दुकानाच्या गल्ल्यात टाका. रक्कम किरकोळ असते, पण हिशोब स्वच्छ राहतो आणि भागीदार असेल तर त्याच्या मनात किंतू राहत नाही.

४. बाहेरून आणलेलं भंगार ओळखून घ्या. नेहमीच्या एमएसची तुम्हाला सवय आहे, भंगारात मात्र काहीही असतं. आधी चुंबक लावा. भांड्यांचं आणि रेलिंगचं ३०४ स्टेनलेस सहसा चिकटत नाही. मग ग्राइंडरची ठिणगी बघा. एमएसची ठिणगी लांब आणि सरळ जाते, जास्त कार्बनच्या पोलादाची जवळच फुटून तिला दाट फुलं येतात. बेअरिंग, कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा, कानस ही दुसऱ्या जातीची. त्यांना साध्या रॉडनं थंडपणी वेल्ड केलं तर जोड टिकल्यासारखा वाटतो आणि वेल्डच्या शेजारी तडा जातो. जोडायचेच असतील तर आधी चांगले तापवून घ्या आणि नंतर राखेत किंवा चुन्यात सावकाश थंड होऊ द्या. पहिल्या वस्तूत ते वापरूच नका. एमएसला स्टेनलेस जोडायचं असेल तर ३०९ चा रॉड घ्या.

५. तेलकट भाग धुवा. मोटारसायकलची चेन रात्रभर रॉकेलमध्ये भिजवा, ब्रशनं घासा, साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच वेल्डिंगला घ्या. डब्यातला ब्रेक क्लीनर मारून लगेच वेल्ड करण्याची पद्धत घातक आहे. त्यात क्लोरीनची रसायनं असतील तर आर्कजवळ (वेल्डिंगच्या प्रखर ज्योतीजवळ) फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

सावधान, या वस्तू डब्यात येऊच देऊ नका: न उघडलेले शॉकअप (आत दाबाखाली तेल आणि वायू असतो, तापला की फुटतो), दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, पेट्रोलची टाकी, रंगाचे किंवा रसायनांचे ड्रम, फ्रिज-एसीचे कॉम्प्रेसर, कोणताही सिलिंडर. क्रोम चढवलेला भागही टाळा, त्याचा धूर फुफ्फुसाला वाईट. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप वापरायचाच असेल तर वेल्डच्या जागेपासून दोन-दोन इंच जस्त घासून काढा आणि उघड्यावर, वारा पाठीमागून येईल असं बसा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि आर्क त्याच्या कित्येक पट गरम असतो, त्यामुळे पांढरा धूर निघणारच. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की बाधत नाही हा समज दुकानादुकानांतून आहे. गूळ-दूध पोटात जातं, धूर फुफ्फुसात. त्यानं बचाव होत नाही.

टप्पा ४: मशीन आणि जागा यांची मोड-जोड

१. चॉपसॉचा (सळई-पाइप कापायच्या मशीनचा) स्टॉपर, म्हणजे माप धरायचा अडसर, हलवायच्या आधी त्याच्या जागेवर पंचनं खूण करा किंवा चालू मापाचा एक तुकडा तारेनं मशीनला बांधून ठेवा. रविवारी स्वतःच्या वस्तूसाठी स्टॉपर सरकवला, सोमवारी हेल्परनं न बघता ग्रिलच्या चाळीस पट्ट्या कापल्या, सगळ्या ३ मिमी आखूड. फ्रेममध्ये बसवल्या की एका बाजूला फट राहते, ती भरायला जाडजूड वेल्ड मारावं लागतं, ग्राइंडिंग वाढतं आणि तरी नजरेला खटकतं. हौसेच्या कामानं धंद्याचं होणारं नुकसान बहुतेक वेळा असंच छोट्या जागी आणि दुसऱ्या दिवशी दिसतं.

२. डिस्क वेगळ्या ठेवा. एमएसवर चाललेली डिस्क किंवा वायर ब्रश स्टेनलेसवर वापरला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात रेलिंगवर तांबूस ठिपके येतात. गिऱ्हाईक म्हणणार, तुम्ही हलकं स्टील वापरलं. स्टेनलेसच्या डिस्कला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावा आणि तो डबा हौसेच्या कामात उघडू नका. घासताना ठिणगीचा रोख कुठे आहे तेही बघा. शेजारी गिऱ्हाइकाची काच, तयार रंगाचं गेट किंवा स्टेनलेसचा पाइप असेल तर जाड ताडपत्रीनं झाका. काचेत रुतलेली ठिणगी निघत नाही.

३. डिस्कवरचा वेगाचा आकडा वाचा. ४ इंची कटिंग डिस्क साधारण १५,२०० फेऱ्यांची असते, १४ इंची साधारण ४,३०० ची. ग्राइंडरचा वेग डिस्कच्या आकड्यापेक्षा कमीच हवा. मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदत छापलेली असते. ती उलटलेल्या डिस्क ‘हौसेला चालतील’ म्हणून बाजूला ठेवल्या जातात, आणि त्याच फुटतात. गार्ड काढलेल्या ग्राइंडरला तर हातच लावू नका.

४. अर्थिंगचा क्लॅम्प नेहमी त्या वस्तूलाच लावा. वस्तूत फिरणारं बेअरिंग असेल, पवनचक्कीसारखं, तर क्लॅम्प वेल्डच्याच बाजूला हवा. करंट बेअरिंगमधून गेला की गोळ्यांवर खड्डे पडतात आणि ते खरखरतं. वस्तू ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर ठेवून वेल्ड करू नका, कारण तेच.

तपासा: आवरल्यावर दुकान असं दिसलं पाहिजे की सकाळी आलेल्या हेल्परला रात्री इथे दुसरं काम झालं हे कळूही नये. स्टॉपर जागेवर, वेल्डिंगचा करंट चालू कामाच्या मापाला, टेबल रिकामं.

टप्पा ५: कार्ड लिहा

अर्ध्या पानात बसेल एवढंच. वस्तूचं नाव आणि खडबडीत आकृती. कशापासून करणार. कोणत्या गटातला वेळ लागणार. किती बैठका. ‘झाली’ कधी म्हणायचं, म्हणजे रंग लागल्यावर की मेण लागल्यावर. आणि खाली प्रत्येक बैठकीचे खरे तास. भावाचा रकाना ठेवू नका. भाव लिहिला की हात आपोआप स्वस्त आणि जलद वळणं शोधू लागतो, आणि हौसेचं काम करण्याचं कारणच संपतं.

एका वेळी एकच कार्ड चालू. दुसरी कल्पना सुचली की कोरं कार्ड लिहून खिळ्याला अडकवा. त्यातली बरीच कार्डं दोन महिन्यांनी वाचल्यावर नकोशी वाटतात, आणि तेवढं लोखंड वाचतं.

टप्पा ६: पहिली वस्तू, पानाचा हूक

पहिलीच वस्तू मोठी धरू नका. पानाचा हूक चांगला, कारण त्यात टोक काढणं, मान पाडणं, चपटं करणं, वाकवणं ही घडाईची चारही मुळाक्षरं येतात, आणि फसला तर सळईचा एक तुकडाच वाया जातो.

लागेल ते: १० मिमी एमएस सळई, तीनेक फूट लांब, म्हणजे दुसरं टोक हातात थंड राहतं आणि तुकडा कापेपर्यंत सांडशी लागत नाही. (एक फुटाखालच्या तुकड्याचा नियम इथे मोडतो. दुकानाची सळई घ्या, वहीत लिहा, उरलेली परत ठेवा.) कोळशाची भट्टी आणि ब्लोअर, किंवा कमर्शियल सिलिंडरवरची गॅसभट्टी. घरगुती सिलिंडर दुकानात आणू नका. ऐरण नसेल तर दोन इंच जाड एमएसचा ठोकळा ओंडक्यावर पक्का बसवा. रुळाचा तुकडा ‘मिळतो’ म्हणून कुणी देऊ केला तर बिल मागा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे. हातोडा एक किलोच्या आसपास, सुती कपडे, चष्मा, बंद बूट. पाण्याची बादली हाताशी.

सावलीत काम करा, उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही. पिवळसर-नारिंगी रंगावर ठोकायला सुरुवात करा, काळपट लाल झालं की थांबून परत तापवा. भट्टीतून फुलबाजीसारखे कण उडायला लागले तर लोखंड जळतंय, तेवढं टोक कापून टाका.

१. टोक काढा. शेवटचा २० मिमी भाग आधी चौकोनी निमुळता करा, मग कोपरे ठोकून आठकोनी, मग गोल. सरळ गोलच ठोकत गेलात तर आतून फाटतं आणि पुढे पान चपटं करताना मधोमध चीर दिसते.

२. मान पाडा. टोकापासून ४० मिमीवर सळई ऐरणीच्या कडेवर ठेवा. अर्धा हातोडा ऐरणीवर, अर्धा बाहेर, असे घाव. प्रत्येक घावानंतर पाव फेरा फिरवा. मान साधारण ६-७ मिमी झाली की पुरे. ऐरणीची कड तीक्ष्ण असेल तर आधी ग्राइंडरनं गोल करून घ्या, नाहीतर मानेत घडी पडते आणि वाकवताना पान तिथेच तुटतं.

३. देठ काढा. मानेच्या मागचा भाग ठोकून ६-७ मिमीवर आणा, चार-पाच इंच देठ निघेपर्यंत. पुन्हा चौकोनी, आठकोनी, गोल, याच क्रमानं.

४. आता पान चपटं करा. मधून कडांकडे घाव, जाडी अडीच मिमीपर्यंत. नवशिके हीच पायरी आधी करतात, कारण पान दिसायला लागलं की बरं वाटतं. मग देठासाठी परत भट्टीत घातलं की पातळ पान आधी तापतं आणि जळून जातं. जाड भागाचं काम आधी, पातळ भागाचं शेवटी, हा क्रम सगळ्या घडाईत पाळा.

५. शिरा मारा. छन्नीची धार मोडून बोथट करून घ्या. पातळ पान ऐरणीवर ठेवताच थंड होतं, म्हणून मधली शीर एका तापात, बाजूच्या शिरा पुढच्या तापात.

६. सळईपासून तुकडा कापा. मागचं टोक चपटं करा आणि थंड झाल्यावर ५ मिमीची दोन भोकं पाडा. वाकवायच्या आधीच पाडा, नंतर तुकडा व्हाइसमध्ये नीट धरता येत नाही. ड्रिल करताना हातमोजे नकोत, बिट त्यांना ओढून घेतं.

७. पानाला मागे कलती द्या, मग देठ एक इंची पाइपवर वाकवा. देठ तापवल्यावर पान तेवढं बादलीत बुडवून काढा, म्हणजे नको तिथे वाकत नाही. एमएसला पाण्यानं इजा होत नाही. कमानपाट्याच्या पोलादाला होते, ते कडक होऊन तडकतं.

८. गरम असतानाच वायर ब्रश मारा, आणि पाण्याचा थेंब चर्र होऊन उडेल इतक्या तापावर मधमाशीचं मेण चोळा. मेणाचा हात घरातल्या वस्तूला. अंगणात लावायची असेल तर रेड ऑक्साइड आणि वर इनॅमलचे दोन हात. मेणाऐवजी जवसाचं तेल वापरलंत तर त्याचं फडकं चुरगाळून टाकू नका. ते वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

पहिल्या वेळी हे सगळं दोन तासांत होणार नाही असं धरून पूर्ण दिवस ठेवा. हात बसल्यावर दोन तासांच्या गटात येईल.

तपासा: हूक भिंतीवर लावून भरलेली पिशवी अडकवा. मान वाकली तर ती जास्त बारीक झाली आहे, पुढच्या वेळी १ मिमी जाड ठेवा. कार्डावर लिहा.

टप्पा ७: दुकानात दुसरी माणसं असतील तर

मालक असाल तर हेल्परला हौसेच्या कामात ‘जरा धर रे’ म्हणून राबवू नका. पगाराच्या तासात घेतलंत तर ते दुकानाचा खर्च खातं, सुट्टीत घेतलंत तर त्याची सुट्टी खातं. त्याला स्वतःहून शिकायचं असेल तर त्याचं वेगळं कार्ड, त्याची वस्तू त्याची.

कारागीर असाल तर मोघम परवानगी पुरत नाही. मालकाला तीन गोष्टी नेमक्या विचारा: कोणत्या वारी किती वाजेपर्यंत, कोणतं मशीन, डब्यातलं कोणतं लोखंड. “शेठ, सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास, फक्त वेल्डिंग आणि हँड ग्राइंडर, एक फुटाखालचे तुकडे. रॉड-डिस्क माझ्या.” एवढं स्पष्ट विचारलं की बहुतेक मालक नाही म्हणत नाहीत. एकट्यानं दुकान उघडणार असाल तर कुणाला तरी वेळ कळवून ठेवा.

टप्पा ८: ‘मलाही असंच एक करून द्या’

चांगली वस्तू दुकानात दिसली की ही मागणी येतेच, आणि बरेच जण इथे घसरतात. पहिला प्रश्न येतो केवढ्याला. तोंडाला येईल तो आकडा सांगू नका. “कार्ड बघून उद्या सांगतो” म्हणा.

कार्डावरचे तास घ्या. समजा हुकाला दीड तास लागला. दुकानाचे तासाला ३०० प्रमाणे ४५० रुपये, त्यावर तुमची मजुरी, लोखंड, कोळसा, मेण. येणारा आकडा बाजारातल्या ओतीव हुकाच्या कितीतरी वर जातो. तो सांगायची तयारी नसेल तर काम घेऊ नका. भीडेपोटी निम्म्या भावात घेतलेलं घडाईचं काम गेटच्या कामाचे तास खातं.

काम घेतलं तर त्या क्षणापासून ते पोटाचं काम आहे. निम्मे पैसे आगाऊ, तारीख, बिल, आणि वहीत ऑर्डरच्या पानावर नोंद. हौसेच्या वेळात ते करायचं नाही. ही अदलाबदल हळूहळू होते आणि वर्षाअखेरीस लक्षात येतं की स्वतःसाठी काहीच घडवलं नाही. माझ्या मते महिन्याला अशी एकच ऑर्डर बरी. गेटच्या ऑर्डरसोबत ‘वर एक मोर लावून देतो’ असं फुकट देऊ नका. पुढचं गिऱ्हाईक तो मोर भावात धरूनच बोलतं.

टप्पा ९: थांबायचं तेव्हा नीट थांबवा

दिवाळीची गर्दी आली, आजारपण आलं, मोठी शेड मिळाली, तर हौसेचं काम थांबवा. पण टाकून देऊ नका. उघडं एमएस पावसाळ्यात दोन दिवसांत लाल होतं, आणि महिन्यानंतर गंज घासण्यातच एक बैठक जाते.

थांबवताना वेल्डचा मळ ठोकून काढा, ब्रश मारा, कोरड्या फडक्यानं पुसा. पुढे वेल्ड करायचं आहे त्या जागा सोडून बाकीवर रेड ऑक्साइडचा पातळ हात द्या. सोडलेल्या जागांवर मशीन ऑइलचं बोट फिरवा, परत सुरू करताना ते रॉकेलनं पुसून काढायचं. घामट हातानं उघड्या लोखंडाला धरू नका, बोटांचे ठसे तसेच गंजतात. वस्तू जमिनीवर न ठेवता भिंतीच्या खुंटीला टांगा, म्हणजे ओल लागत नाही आणि पायातही येत नाही. कार्डावर पुढची पायरी कोणती ते एका ओळीत लिहा, ‘डावा पंख टॅक केलाय, पूर्ण वेल्ड बाकी, अडीचचा रॉड, ७५ अँपिअर’ असं, आणि ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याच वस्तूला तारेनं बांधा.